तुमचे प्रश्न : व्हेरिएबलवर टाइप एक, आत ऑब्जेक्ट दुसराच

या वेळी आलेल्या प्रश्नांत जावाचे खूप होते आणि गंमत म्हणजे वरवर वेगवेगळे दिसले तरी बरेचसे एकाच जागी अडकलेले, व्हेरिएबल डिक्लेअर करताना आपण जो टाइप लिहितो तो, आणि प्रोग्राम चालू असताना त्यात खरोखर जो ऑब्जेक्ट असतो त्याचा क्लास, या दोघांची गल्लत. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. कोड नेहमीसारखा देवनागरीत छापलाय. तुम्ही टाइप करताना की-वर्ड, आकडे आणि लायब्ररीतली नावं इंग्रजीतच लिहायची, पण तुमच्या स्वतःच्या क्लासची, व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवलीत तर जावाला चालतात, खरंच चालतात, करून बघा, फक्त फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑब्जेक्ट ओ = "पुणे"; असं लिहिलं आणि खाली ओ.लेंग्थ() केलं तर कंपायलर म्हणतो अशी मेथडच नाही. पण ओ.गेटक्लास() प्रिंट केलं की चक्क स्ट्रिंग येतं. जावाला माहितीये ना आत स्ट्रिंग आहे, मग लेंग्थ द्यायला काय होतं?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : "जावाला माहितीये" म्हणजे नक्की कोणाला, ते आधी ठरवा, खरी गोम तिथेच आहे. तुमच्या कोडशी दोन वेगळे प्रोग्राम बोलतात. पहिला कंपायलर, जावासी, तो तुमची फाइल वाचतो, बाइटकोड (जेव्हीएमला समजणाऱ्या सूचना) बनवतो आणि निघून जातो. दुसरं जेव्हीएम, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन, ते नंतर कधीतरी, कदाचित दुसऱ्याच मशीनवर, तो बाइटकोड चालवतं. गेटक्लास()चं उत्तर जेव्हीएमने दिलं, कारण तेव्हा ऑब्जेक्ट प्रत्यक्ष मेमरीत होता आणि प्रत्येक ऑब्जेक्ट आपला क्लास कोणता ही माहिती स्वतःबरोबर बाळगतो. लेंग्थ()ला नाही म्हटलं ते कंपायलरने, आणि त्याच्यापुढे ऑब्जेक्ट नव्हताच, होती फक्त तुमची ओळ, ज्यात तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंय की ओ चा टाइप ऑब्जेक्ट. ऑब्जेक्ट क्लासमध्ये टूस्ट्रिंग, इक्वल्स, हॅशकोड, गेटक्लास अशा मोजक्या मेथड आहेत, लेंग्थ नाही, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल वरच्याच ओळीत "पुणे" दिसतंय की, कंपायलर आंधळा आहे का. आंधळा नाही, पण नियमच असा केलाय की त्याने वरच्या ओळी वाचून अंदाज बांधायचा नाही, डिक्लेअर केलेला टाइप धरूनच चालायचं. कारण आज वर "पुणे" आहे, उद्या तिथे इफ-एल्स येईल, एका बाजूला स्ट्रिंग आणि दुसऱ्या बाजूला इंटिजर, परवा तो ऑब्जेक्ट नेटवर्कवरून येईल, मग कशाचा अंदाज बांधणार. पायथनमध्ये व्हेरिएबलला बांधून ठेवलेला टाइप नसतो, तिथे चालतानाच बघतात मेथड आहे का आणि नसली तर तेव्हा आपटतात. जावाने ते आपटणं शक्य तितकं आधी, कंपाइल करतानाच उरकून घ्यायचं ठरवलं, आणि त्याची किंमत म्हणजे कधीकधी तुम्हाला माहीत असलेली गोष्टही कंपायलरला लिहून सांगावी लागते.

लिहून सांगायचं म्हणजे कास्ट, ((स्ट्रिंग) ओ).लेंग्थ(). किंवा त्याहून बरं, जावा १६ पासून पक्कं झालेलं रूप : इफ (ओ इन्स्टन्सऑफ स्ट्रिंग स), मग आत स.लेंग्थ() बिनधास्त वापरा, तपासणीही झाली आणि स्ट्रिंग टाइपचं नवं नावही मिळालं. (आणि हो, "पुणे"ची लेंग्थ ४ येईल, २ नाही, उकार आणि मात्रा वेगळे मोजले जातात. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

प्रश्न : इंटरव्ह्यूला विचारलं होतं, अजून डोक्यात बसलं नाहीये. खाते नावाच्या क्लासमध्ये इंट दर = ३ आणि दरसांग() मेथड जी दर परत देते. बचतखाते त्याला एक्स्टेंड करतो, त्यातही इंट दर = ४ आणि दरसांग() पुन्हा लिहिलेली. खाते ख = न्यू बचतखाते(); मग ख.दर ३ देतं आणि ख.दरसांग() ४ देतं. एकाच ऑब्जेक्टला दोनदा विचारलं तर दोन उत्तरं कशी?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कारण त्या ऑब्जेक्टमध्ये खरोखरच दोन दर आहेत. फील्ड ओव्हरराइड होत नाहीत, म्हणजे खालच्या क्लासचं वरच्याची जागा घेत नाही, वरच्या क्लासचं फील्ड फक्त झाकलं जातं, जागा दोन्हींना मिळते. ख.दर म्हटल्यावर यातलं कोणतं, हे कंपायलर ख च्या डिक्लेअर केलेल्या टाइपवरून ठरवतो आणि तो टाइप खाते, म्हणून ३. मेथडचं तसं नाही, साध्या मेथडसाठी कंपायलर बाइटकोडमध्ये इन्व्होकव्हर्च्युअल नावाची सूचना टाकतो, तिचा अर्थ एवढाच की "दरसांग नावाची मेथड चालव, पण कोणाची ते समोरचा ऑब्जेक्ट बघून ठरव". समोर बचतखाते आहे, म्हणून त्याची दरसांग चालते आणि ती आपल्या क्लासमधला दर देते, ४.

याच्यापुढची पायरी इंटरव्ह्यूला सहसा विचारत नाहीत पण समजायला तीच चांगली. बचतखातेमधली दरसांग() काढून टाका, फील्ड तसंच ठेवा. आता ख.दरसांग() किती देईल? ३. अगदी ख ला बचतखाते म्हणून डिक्लेअर केलं तरी ३. कारण आता चालणारी मेथड खाते क्लासमध्ये लिहिलेली आहे आणि ती कंपाइल होतानाच तिच्यातला दर म्हणजे खातेचा दर असं ठरून गेलंय. म्हणून मुळात मूल-क्लासमध्ये तेच फील्ड पुन्हा लिहायचंच नाही, परीक्षेच्या पेपराबाहेर त्याचा मला तरी काही उपयोग दिसलेला नाही.

स्टॅटिक मेथडही फील्डसारख्याच, डिक्लेअर केलेल्या टाइपवरून. ख मध्ये नल (म्हणजे ऑब्जेक्टच नाही) असलं तरी ख.काहीतरीस्टॅटिक() व्यवस्थित चालतं, नलपॉइंटर वगैरे काही येत नाही, कारण ऑब्जेक्टकडे कोणी बघतच नाही. तसं लिहू नका, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

प्रश्न : आमच्याकडे कोड रिव्ह्यूत सिनिअरने सांगितलं की लिस्ट कशाला, कलेक्शन लिही, जेवढा जनरल टाइप तेवढं चांगलं. मी लिस्ट<इंटिजर> आकडे = न्यू ॲरेलिस्ट<>(); मधलं फक्त पहिलं लिस्ट बदलून कलेक्शन केलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, पण आउटपुट बदललं! यादीत १०, २०, १ आहेत आणि पुढे आकडे.रिमूव्ह(१) आहे. आधी २० उडत होते आता १ उडतो. ऑब्जेक्ट तर तोच ॲरेलिस्ट आहे ना?
— हिंजवडीतून एकजण

उत्तर : वा, हा प्रश्न मी क्लासमध्ये फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. ऑब्जेक्ट तोच, बरोबर, आणि तरीही वागणं बदललं, म्हणजे "शेवटी चालतं ते ऑब्जेक्टप्रमाणेच" हे जे सगळे पाठ करून येतात ते अर्धंच खरं आहे.

मेथड कॉल दोन टप्प्यांत ठरतो. पहिला टप्पा कंपायलरचा : या नावाच्या ज्या मेथड आहेत त्यातली कुठली सही, म्हणजे कुठले पॅरामीटर असलेली, घ्यायची. हे ओव्हरलोडिंग, आणि ते संपूर्णपणे लिहिलेल्या टाइपवर चालतं, डाव्या बाजूच्या व्हेरिएबलच्या आणि कंसात दिलेल्या गोष्टींच्याही. दुसरा टप्पा जेव्हीएमचा : ठरलेल्या सहीची मेथड या ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये कुठे लिहिलीये. हे ओव्हरराइडिंग. दुसऱ्या टप्प्यात पहिल्याचा निर्णय फिरवता येत नाही, जेव्हीएम सही बदलत नाही.

आता तुमची यादी. लिस्टमध्ये दोन रिमूव्ह आहेत, एक इंट घेते आणि त्या नंबरच्या जागेवरचं काढते, दुसरी ऑब्जेक्ट घेते आणि ती किंमत शोधून काढते. कंपायलर आधी बॉक्सिंग न करता, म्हणजे इंटचा इंटिजर न बनवता, काही जुळतंय का बघतो. लिस्ट असताना लगेच जुळतं, इंटवाली, म्हणून जागा १ वरचे २० गेले (मोजणी शून्यापासून). कलेक्शनमध्ये जागा हा प्रकारच नाही, तिथे फक्त ऑब्जेक्टवाली रिमूव्ह. बॉक्सिंगशिवाय काही जुळलं नाही म्हणून कंपायलरने दुसऱ्या फेरीत १ चा इंटिजर केला आणि ती घेतली. बाइटकोडमध्ये गेलं "ऑब्जेक्टवाली रिमूव्ह". चालताना समोर ॲरेलिस्ट आला, त्याच्याकडे दोन्ही आहेत, पण मागितली ऑब्जेक्टवाली, त्याने तीच चालवली, १ गेला.

हा घोळ कोणी मुद्दाम केलेला नाही. कलेक्शनचे हे क्लास जावा १.२ मध्ये आले, १९९८ साली, आणि आपोआप बॉक्सिंग आलं जावा ५ मध्ये, २००४ ला. मधल्या काळात रिमूव्ह(१) लिहिलं तर इंटवालीशिवाय दुसरं काही होऊच शकत नव्हतं, त्यामुळे दोन मेथडना एकच नाव देताना कोणाला काही वाटलं नसणार.

उपाय : किंमत काढायची असेल तर आकडे.रिमूव्ह(इंटिजर.व्हॅल्यूऑफ(१)) लिहा, लिस्ट असो की कलेक्शन, अर्थ एकच. आणि सिनिअरना सांगा की जनरल टाइप चांगला हे खरं पण तुमचा कोड जागेच्या नंबरावर चालत असेल तर त्याला लिस्टच हवी, कलेक्शन हा तिथे चुकीचा टाइप आहे. इंटवाली रिमूव्ह काढलेली वस्तू परत देते आणि ऑब्जेक्टवाली ट्रू-फॉल्स देते, तुम्ही परत आलेलं कशात तरी धरून ठेवलं असतं, इंटिजर गेलेला = आकडे.रिमूव्ह(१) असं, तर टाइप बदलल्याबरोबर कंपायलरनेच ओरडून सांगितलं असतं.

याच कुळातलं अजून एक, न्यू स्ट्रिंगबिल्डर('अ') लिहून पुढे "ब" जोडा आणि प्रिंट करा. "अब" नाही, नुसतं "ब" येतं. स्ट्रिंगबिल्डरला कॅरॅक्टर घेणारा कन्स्ट्रक्टर नाहीये, कॅरॅक्टर गुपचूप इंट होतो आणि इंटवाला कन्स्ट्रक्टर म्हणजे "एवढी जागा धरून ठेव". अ चा युनिकोड नंबर २३०९, तर २३०९ अक्षरांची जागा असलेली रिकामी स्ट्रिंग तुम्ही मागितलीत. अ ला एकेरीऐवजी दुहेरी अवतरण दिलं की ठीक.

प्रश्न : डेटाबेसमधून आयडी लाँगमध्ये येतात म्हणून मॅप<लाँग, स्ट्रिंग> केलाय. प्रिंट केलं तर १०१ दिसतो त्यात, तरी मॅप.गेट(१०१) नल देतं. अर्धा दिवस गेला यात.
— नागपूरहून

उत्तर : १०१एल लिहा, चालेल. आता का ते सांगते, कारण हे पुन्हा भेटणार आहे.

जावात नुसतं १०१ लिहिलं की ते इंट. मॅपच्या पुट मेथडचा पहिला पॅरामीटर तुमच्या की चा टाइप आहे, लाँग, त्यामुळे पुट(१०१, "...") लिहिलं असतंत तर कंपाइलच झालं नसतं, इंट बॉक्स होऊन थेट लाँगचा ऑब्जेक्ट होत नाही. पण गेटचा पॅरामीटर ऑब्जेक्ट असा डिक्लेअर केलाय. ऑब्जेक्ट म्हणजे काहीही, मग कंपायलरने १०१ चा इंटिजर बनवला आणि आत ढकलला, त्याच्या दृष्टीने सगळं रीतसर. चालताना हॅशमॅपने हॅशकोड (कुठल्या खणात शोधायचं ते सांगणारा आकडा) काढला, आणि बघा, इंटिजर १०१ आणि लाँग १०१ दोघांचा हॅशकोड १०१ च, म्हणजे बरोबर त्याच खणापर्यंत तो पोचलासुद्धा. तिथे इक्वल्स विचारलं, आणि इंटिजरचं इक्वल्स पहिल्यांदा समोरचा ऑब्जेक्ट इंटिजर आहे का तेच बघतं. समोर लाँग. फॉल्स. नल.

म्हणजे कंपायलरकडे जो टाइप लिहिलेला होता तो इतका ढिला होता की त्याला चूक दिसली नाही, आणि जेव्हीएमकडे आलेला ऑब्जेक्ट इतका पक्का होता की त्याने सूट दिली नाही. कंटेन्सकी, रिमूव्ह यांचंही तसंच. इंटेलिजेसारखे एडिटर अशा कॉलखाली पिवळी रेघ मारतात, आपण सगळे ती बंद करून टाकतो तो भाग वेगळा.

प्रश्न : मी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. व्हार आल्यापासून मुलं म्हणतात आता जावातही टाइप उरले नाहीत, जावास्क्रिप्टसारखंच झालं. त्यांना काय सांगू?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : सर, त्यांना दोन ओळी टाइप करायला लावा, व्हार गाव = "लातूर"; आणि खाली गाव = ५;. दुसऱ्या ओळीला एरर येईल. जावास्क्रिप्टमध्ये येत नाही. व्हार जावा १० मध्ये आलं, मार्च २०१८, आणि त्याने एवढंच केलं की टाइप लिहायचं काम तुमच्याऐवजी कंपायलर करतो, उजवीकडे बघून. टाइप ठरतो तो कंपाइल होतानाच आणि पुढे बदलत नाही. म्हणूनच व्हार क = नल; चालत नाही, उजवीकडे बघून काही कळतच नाही. आणि ते फक्त मेथडच्या आतल्या व्हेरिएबलना चालतं, फील्डना नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम दाखवा. व्हार यादी = न्यू ॲरेलिस्ट<स्ट्रिंग>(); लिहिलं तर यादीचा टाइप लिस्ट होत नाही, ॲरेलिस्ट होतो, जे उजवीकडे आहे तेच. आणि न्यू ॲरेलिस्ट<>() असा रिकामा कंस ठेवला तर ॲरेलिस्ट<ऑब्जेक्ट>, मग त्यात काहीही भरता येतं आणि मुलं म्हणतात बघा टाइप नाहीतच. टाइप आहे, ऑब्जेक्ट असा आहे. हुशार मुलांसाठी शेपूट : व्हार हा की-वर्ड नाही, इंट व्हार = ५; आजही कंपाइल होतं, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ही सोय.

प्रश्न : ॲरेलिस्ट<स्ट्रिंग> अ = (ॲरेलिस्ट<स्ट्रिंग>) ॲरेज.ॲझलिस्ट("अंबा", "काजू"); याला क्लासकास्टएक्सेप्शन येतं आणि मेसेजमध्ये लिहिलंय की ॲरेलिस्ट हा ॲरेलिस्टमध्ये कास्ट होत नाही. कॉम्प्युटरला वेड लागलंय की मला?
— रत्नागिरी

उत्तर : दोघांनाही नाही, मेसेज पूर्ण वाचा, पहिल्या नावात मध्ये एक डॉलरचं चिन्ह आहे, ॲरेज$ॲरेलिस्ट. तो ॲरेज क्लासच्या पोटात लपवलेला एक प्रायव्हेट क्लास आहे, नाव तेच पण नेहमीच्या ॲरेलिस्टचा तो कोणी लागत नाही. ॲझलिस्ट मेथड फक्त एवढं वचन देते की परत येईल ती लिस्ट असेल, आत कुठला क्लास ते तिचं ती ठरवते.

कास्टबद्दल एक गैरसमज बऱ्याच पत्रांत दिसला म्हणून इथेच लिहिते. ऑब्जेक्टवर कास्ट केल्याने ऑब्जेक्ट बदलत नाही, नवा तयार होत नाही, काहीच होत नाही, फक्त जेव्हीएम तपासतं की तुम्ही म्हणताय तो खरंच त्या प्रकारचा आहे का, असेल तर पुढे जातं, नसेल तर एक्सेप्शन. लोकांचा घोळ होतो कारण (इंट) ३.७ मध्येही तोच कंस असतो आणि तिथे मात्र खरंच ३ अशी नवी किंमत तयार होते. प्रिमिटिव्हमध्ये (इंट, डबल अशा साध्या किमतींत) रूपांतर, ऑब्जेक्टमध्ये नुसती तपासणी, लिहायची पद्धत एकच ठेवली, जावाची ही खोड आहे, सीकडून आलेली.

तुम्हाला हवंय ते असं : न्यू ॲरेलिस्ट<>(ॲरेज.ॲझलिस्ट(...)), हा खरा नवीन ऑब्जेक्ट. कास्ट न करता लिस्ट म्हणून ठेवलंत आणि नंतर ॲड केलंत तरी अडकाल, अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन येईल. लिस्ट या टाइपमध्ये ॲड आहे म्हणून कंपायलर खूश, पण तो लपलेला क्लास मूळच्या ॲरेवरच बसलेला असतो आणि ॲरेची लांबी वाढत नाही. सेट मात्र चालतं त्याच्यावर. जावा ९ मधलं लिस्ट.ऑफ तर सेटही करू देत नाही.

प्रश्न : ऑब्जेक्ट[] च्या व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग[] ठेवता येतो पण लिस्ट<ऑब्जेक्ट> मध्ये लिस्ट<स्ट्रिंग> ठेवता येत नाही. असा भेदभाव का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : ॲरेला आपण कशाचा ॲरे आहोत ते चालतानाही माहीत असतं, लिस्टला नसतं.

ऑब्जेक्ट[] अ = न्यू स्ट्रिंग[३]; ठीक. आता अ[०] = ५; लिहा. कंपायलर गप्प बसतो, कारण अ चा लिहिलेला टाइप ऑब्जेक्टचा ॲरे आहे आणि ५ बॉक्स होऊन ऑब्जेक्ट होतो. चालवलं की ॲरेस्टोअरएक्सेप्शन. ॲरेमध्ये ऑब्जेक्ट ठेवताना जेव्हीएमला बघावं लागतं की हा ॲरे खरोखर कशाचा आहे. जेनेरिक्स, म्हणजे टाइपपुढचे हे कोनी कंस, नव्हते त्या सुरुवातीच्या दिवसांत कुठल्याही ॲरेवर चालणारी एकच मेथड लिहायची सोय हवी होती म्हणून हे मोकळं ठेवलं. जेनेरिक्स जावा ५ ला आले तेव्हा जुना सगळा कोड चालू राहायला हवा होता, मग कोनी कंसातला टाइप फक्त कंपायलरपुरता ठेवला आणि ऑब्जेक्टवरून पुसून टाकला. लिस्ट<स्ट्रिंग> आणि लिस्ट<इंटिजर> म्हणून बनवलेल्या दोन ॲरेलिस्टचे गेटक्लास() == ने तपासा, ट्रू येतं. म्हणजे लिस्टमध्ये चुकीची वस्तू टाकताना चालताना पकडणारं कोणी नाही, म्हणून मग कंपायलरनेच दारात अडवायचं. फक्त वाचायचं असेल तर लिस्ट<? एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट> लिहा, त्यात लिस्ट<स्ट्रिंग> बसते, पण ॲड करता येत नाही.

प्रश्न : विद्यार्थी क्लासमध्ये इक्वल्स(विद्यार्थी दुसरा) लिहिलंय, मी स्वतः कॉल केलं की ट्रू येतं, यादी.कंटेन्स() मात्र फॉल्स.
— कोल्हापूर

उत्तर : तुम्ही ओव्हरराइड नाही केलंत, ओव्हरलोड केलंत. कंटेन्स ऑब्जेक्टवालं इक्वल्स बोलावतं, ते तुमच्याकडे जुनंच आहे. पॅरामीटर ऑब्जेक्ट करा, वर @ओव्हरराइड लावा (आधीच लावलं असतंत तर कंपायलरने लगेच सांगितलं असतं) आणि हॅशकोडही लिहा.

प्रश्न : वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून तयारी() नावाची मेथड बोलावलीये. खालच्या क्लासने ती ओव्हरराइड केलीये आणि तिथे नाव = "नवीन" असं फील्ड आहे, पण तयारी() मध्ये प्रिंट केलं तर नाव नल येतं. फील्डला किंमत दिलीये तरी?
— ठाणे

उत्तर : ऑब्जेक्ट जन्मल्या क्षणापासून खालच्या क्लासचा असतो, वरचा कन्स्ट्रक्टर चालू असतानाही. सी++ मध्ये असं नाही, तिथे वरच्याचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो वरच्याच क्लासचा मानतात, त्यामुळे तिकडून आलेले हमखास इथे फसतात. जावात वरच्या कन्स्ट्रक्टरने तयारी() म्हटलं की खालची तयारी() धावते, पण खालच्या फील्डना किंमत देणं वरचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर सुरू होतं, म्हणजे मेथड आली आणि सामान यायचंय. तोवर फील्डमध्ये नल, शून्य, फॉल्स असतं. त्याहून वाईट म्हणजे तयारी() मध्ये तुम्ही नाव ला काही किंमत दिलीत तर नंतर "नवीन" येऊन ती पुसून टाकतं, आणि हे शोधायला फार वेळ जातो. कन्स्ट्रक्टरमधून फक्त प्रायव्हेट, स्टॅटिक किंवा फायनल मेथड बोलवा, त्या ओव्हरराइड होत नाहीत.

प्रश्न : नलचा रनटाइम टाइप काय?
— नाव नाही लिहिलं

उत्तर : नाही. ऑब्जेक्टच नाही तर क्लास कुठून येणार. नल इन्स्टन्सऑफ काहीही, फॉल्स. कास्ट मात्र नलला कुठल्याही क्लासमध्ये होतो, तक्रार न करता. आणि स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ(नल) चालवून बघा घरी, नलपॉइंटर येईल, कारण कंपायलरला ऑब्जेक्टवाली आणि कॅरॅक्टर-ॲरेवाली अशा दोन मेथड जुळतात आणि त्यातली जास्त नेमकी तो निवडतो, ती म्हणजे ॲरेवाली.

प्रश्न : शेवटी डावीकडे लिहायचं काय, लिस्ट की लिंक्डलिस्ट? सगळे लिस्ट लिहा म्हणतात पण मग ॲडफर्स्ट() मिळत नाही.
— पुणे

उत्तर : तुम्हाला त्या व्हेरिएबलकडून जे काम हवंय ते ज्या टाइपमध्ये आहे तो लिहा, ना त्याहून जास्त ना कमी. दोन्ही टोकांना घालायचं-काढायचं असेल तर डेक लिहा आणि उजवीकडे बहुतेक वेळा ॲरेडेक ठेवा, लिंक्डलिस्टची गरज फार क्वचित पडते. मेथडच्या पॅरामीटरला आणि परत देण्याच्या टाइपला हा विचार जास्त करा, कारण ते दुसरे लोक वापरणार, मेथडच्या आतल्या चार ओळींच्या व्हेरिएबलला काहीही लिहिलं तरी आकाश कोसळत नाही.

आणि ॲडफर्स्टचं म्हणाल तर तुमची तक्रार आता जुनी झाली. जावा २१ मध्ये, सप्टेंबर २०२३ ला, लिस्टलाच ॲडफर्स्ट, रिमूव्हलास्ट वगैरे मिळालं. म्हणजे लिस्ट<स्ट्रिंग> य = न्यू लिंक्डलिस्ट<>(); आणि य.ॲडफर्स्ट("क"), ही जोडी जावा १७ वर कंपाइल होत नाही आणि २१ वर होते, लिंक्डलिस्टकडे ती मेथड दोन्हीकडे होतीच.